खालची दिशा

वर्षावासात आमच्याकडे ग्रंथवाचन असते. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, दर रविवारी दुपारी, लंडनच्या हाउन्स्लो भागात कोणाच्या ना कोणाच्या घरी. नागपूर, अमरावती, कल्याण, पिंपरी अशा ठिकाणांहून आलेली माणसे, त्यांची आपसात इंग्रजीत बोलणारी मुले, आणि पांढऱ्या कापडावर ठेवलेला बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’. एका रविवारी मालक आणि सेवक यांच्या कर्तव्यांचा भाग वाचून झाला, तेव्हा मागे बसलेल्या एका तरुणाने विचारले, “ताई, ऑफिसात झाडलोट करायला येतात ती माणसं आपली नसतातच ना? ती कंपनीची. आपण कंपनीला पैसे देतो, कंपनी त्यांना पगार देते. मग हे कर्तव्य नेमकं कोणाचं?”

तो स्वतः पुण्याच्या एका कंपनीमार्फत इथल्या बँकेत बसतो. बँकेच्या कँटीनमध्ये जेवतो, पण बँकेचा माणूस नाही. त्यामुळे त्याच्या प्रश्नात टाळाटाळ नव्हती, अनुभव होता. मला तो प्रश्न धम्माच्या दृष्टीने फार मोठा वाटतो. कर्तव्य करार करून दुसऱ्याच्या हवाली करता येते का? मी ज्या ग्रंथालयात काम करते तिथून पायी जाता येईल एवढ्या अंतरात, लंडनच्या तीन विद्यापीठ-संस्थांमधल्या सफाई कामगारांनी गेल्या काही वर्षांत याच प्रश्नाला हात घातला. त्यांतल्या बहुतेकांनी सिगालाचे नावही ऐकलेले नसेल.

आधी सिगाल. दीघ निकायातली ही कथा राजगृहात घडते. एक तरुण रोज पहाटे आंघोळ करून, ओल्या कपड्यांनी आणि ओल्या केसांनी, सहाही दिशांना हात जोडत असतो. का, तर वडिलांनी मरताना तसे सांगितले होते. तथागतांनी त्याला हे सोडून दे असे म्हटले नाही. दिशा कोणत्या, एवढेच समजावले. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे बायकोमुले, उत्तर म्हणजे मित्र, वर श्रमण-ब्राह्मण, आणि खाली आपल्याकडे राबणारी माणसे. या खालच्या दिशेविषयी घरधन्याची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. झेपेल तेवढेच काम द्यावे. अन्न आणि वेतन द्यावे. आजारपणात काळजी घ्यावी. घरात काही खास पदार्थ झाला तर त्यातला वाटा द्यावा. आणि वेळच्या वेळी सुट्टी द्यावी.

मी ही यादी लहानपणापासून ऐकत आले आहे. ऐकताना माझे लक्ष नेहमी तिसऱ्या कर्तव्याशी थांबते. वेतन तर आधीच सांगून झाले होते. मग आजारपण वेगळे का सांगावे लागले? वेतन केलेल्या कामाचे असते. आजारी माणूस काम करत नाही. त्या दिवशी देण्याघेण्याच्या हिशोबात त्याच्या नावावर काहीच जमा नसते. नेमक्या त्याच दिवशी कर्तव्य लागू होते, असे इथे सांगितले आहे. म्हणजे ज्याच्याशी आपले नाते आहे तो माणूस आहे, त्याचे तास नव्हेत.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू हगवणीने आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडलेला असतो. तथागत आनंदासोबत विहारातून फिरताना त्याला पाहतात आणि विचारतात, तुझी शुश्रूषा कोणी करत नाही का? तो सांगतो, मी इतर भिक्खूंच्या काही कामाचा नाही, म्हणून कोणी करत नाही. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. एकाने पाणी ओतले, दुसऱ्याने अंग धुतले, दोघांनी उचलून त्याला खाटेवर निजवले. मग संघाला बोलावून सांगितले की तुम्हाला आईबाप इथे नाहीत, तुम्हीच एकमेकांची काळजी घेतली नाही तर घेणार कोण? ‘काही कामाचा नाही’ हे कारण त्यांनी मान्य केले नाही. माझ्या मते या प्रसंगाखेरीज सिगालाची यादी पुरती कळत नाही.

आता लंडन. ब्लूम्सबरीत लंडन विद्यापीठाची सेनेट हाउस नावाची उंच पांढरी इमारत आहे. तिथले सफाई कामगार बहुतांशी लॅटिन अमेरिकेतून आलेले आणि कंत्राटदाराकडे नोकरीला. २०१२ मध्ये त्यांनी चळवळ सुरू केली आणि तिला स्पॅनिशमध्ये साधे नाव दिले: ‘त्रेस कोसास’, तीन गोष्टी. आजारपणाचा पगार, सुट्ट्या आणि पेन्शन. विद्यापीठाच्या थेट नोकरांना जे मिळते ते आम्हालाही द्या, एवढीच मागणी. २०१३च्या नोव्हेंबरात संप झाला. आजारपण आणि सुट्ट्यांच्या बाबतीत बरेच पदरात पडले, पेन्शन राहून गेले. त्या तीन गोष्टींतल्या दोन सिगालाच्या यादीत जशाच्या तशा आहेत. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या राजगृहात आणि एकविसाव्या शतकाच्या लंडनमध्ये राबणाऱ्या माणसाची गरज तीच राहिली, आणि विसर पडण्याची जागाही तीच.

पुढचा लढा एलएसईचा. मराठी माणसाला ही संस्था सांगावी लागत नाही. बाबासाहेब १९१६ मध्ये तिथे दाखल झाले, बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने शिक्षण अर्धे टाकून परतले, १९२० मध्ये पुन्हा गेले आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधासाठी डी.एस्सी. घेऊन बाहेर पडले. आज तिथे त्यांचा अर्धपुतळा आहे. भारतातून कोणी पाहुणे आले की मी त्यांना तिकडे घेऊन जाते, आणि आम्ही जय भीम म्हणून फोटो काढतो. २०१८ सालापर्यंत तो पुतळा असलेली इमारत रोज पहाटे लख्ख करणाऱ्या बायकापुरुषांना संस्थेत नोकर म्हणून स्थान नव्हते. ते कंत्राटदाराचे होते.

तासाच्या दराचा झगडा तिथे मुख्य नव्हता, हे लक्षात घेतले पाहिजे. ‘लंडन लिव्हिंग वेज’ नावाची मजुरी तेव्हा तासाला ९.७५ पौंड होती आणि ती त्यांना मिळत होती. ही मजुरीसुद्धा अशीच लढून आलेली आहे. २००१ मध्ये पूर्व लंडनमधल्या चर्च, मशिदी, शाळा आणि युनियन यांनी एकत्र येऊन ती मोहीम सुरू केली. मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यावी असे ज्यूंचे आणि ख्रिस्ती लोकांचे धर्मग्रंथ सांगतात, घाम वाळायच्या आत द्यावी असे मुसलमान मानतात. त्या माणसांनी ही श्रद्धा प्रार्थनेपुरती ठेवली नाही, रस्त्यावर आणली, याबद्दल मला त्यांच्याविषयी मनापासून आदर आहे. पण एलएसईच्या कामगारांचा प्रश्न मजुरीच्या पुढचा होता. काम केलेल्या तासाचे पैसे मिळत होते. काम न करता येणाऱ्या तासांचे काय?

याचा हिशोब मला आमच्याच ग्रंथालयात पहाटे येणाऱ्या एका बाईंनी समजावून दिला. त्या इक्वाडोरच्या. आमच्याकडे पाच ते सात, मग दुसऱ्या कंपनीमार्फत दुसऱ्या इमारतीत दोन तास, संध्याकाळी तिसऱ्या ठिकाणी. ब्रिटनच्या कायद्याप्रमाणे तेव्हा आजारपणात आठवड्याला ८९.३५ पौंड मिळत. पहिल्या तीन दिवसांचे काहीच नाही. शिवाय एका मालकाकडे आठवड्याला सरासरी किमान ११३ पौंड कमाई असली तरच हा हक्क लागू. रोज दोन तास, पाच दिवस, म्हणजे दहा तास, म्हणजे ९७.५० पौंड. तीन ठिकाणी राबून एकाही ठिकाणी त्या आजारी पडू शकत नव्हत्या. त्यांनी हे मला कागदावर आकडे मांडून दाखवले, आमच्याच नोंदणी फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. माझा पगार त्यांच्या कितीतरी पट होता, आणि मला तापात घरी राहिले तरी पूर्ण पगार मिळत होता. आम्ही दोघी एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर काम करत होतो.

इथे मला बाबासाहेबांचे १९३६ मधले प्रतिपादन आठवते. जात कामांचे वाटप करून थांबत नाही, ती काम करणाऱ्यांनाच एकमेकांपासून तोडून कप्प्यांत बंद करते, असे त्यांनी ‘जातिनिर्मूलना’त दाखवून दिले. लंडनमधले कंत्राट म्हणजे जात, असे मी म्हणत नाही. इक्वाडोरच्या बाईंची मुलगी उद्या डॉक्टर झाली तर तिला कोणी अडवणार नाही, आणि जातीला जन्म पुरतो. पण एकाच छपराखालच्या माणसांमध्ये रेघ ओढून रेघेपलीकडच्यांना ‘हे आमचे नव्हेत’ म्हणायची जी सोय आहे, ती मला ओळखीची वाटते. आमच्या घरात ती सोय काय करते हे मी पाहिले आहे.

माझी आई मुंबईत सफाई कामगार होती, कायम नोकरीत. १९८०च्या दशकात तिला कावीळ झाली तेव्हा ती बरेच दिवस अंथरुणाला खिळली होती, पण पगार येत राहिला, घरात चूल पेटत राहिली, माझी शाळा सुटली नाही. पुढे तिच्याच हजेरी चौकीवर कंत्राटी बायका आल्या. झाडू तोच, रस्ता तोच, मुकादम तोच. त्यांच्यातली एक बाई बाळंतपणानंतर तापाने फणफणली, तर पहिल्या दिवशी खाडा धरला आणि चौथ्या दिवशी तिच्या जागी दुसरी उभी होती. आई चौकीवर भांडली. तिला सांगितले गेले, ती आपली नाही. आई घरी येऊन म्हणाली, “झाडू माझ्या शेजारी मारत होती, मग कोणाची होती ती?” हेच मला त्या रविवारी त्या तरुणाला सांगायचे होते.

मुंबईत त्या प्रश्नाचे उत्तर यायला फार वर्षे लागली. कचरा वाहतूक श्रमिक संघाने लढवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१७च्या एप्रिलमध्ये मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा मार्ग मोकळा केला. आणि त्याच वसंतात एलएसईच्या आवारात सफाई कामगार ढोल, शिट्ट्या आणि लाल झेंडे घेऊन उभे होते. ‘युनायटेड व्हॉइसेस ऑफ द वर्ल्ड’ ही त्यांची लहानशी युनियन, २०१४ मध्ये स्थापन झालेली. कामावरून काढलेल्या एका सहकारी बाईला परत घ्या, ही त्यांची एक मागणी होती. दुसरी, थेट नोकरांच्या बरोबरीची वागणूक. विद्यार्थी आणि काही प्राध्यापक त्यांच्या बाजूने उभे राहिले. जून २०१७ मध्ये संस्थेने सफाई कामगारांना आपल्या थेट नोकरीत घ्यायचे मान्य केले आणि पुढच्या वसंतात ते अमलात आणायचे ठरले. युनियनने तेव्हा जाहीर केले त्याप्रमाणे वर्षाला ४१ दिवस सुट्टी, आजारपणात सहा महिने पूर्ण पगार आणि पुढचे सहा महिने अर्धा पगार.

माझ्या दृष्टीने यातली खरी घटना आकड्यांच्या आधी आहे. संस्थेला ‘ही माणसे आमची’ असे म्हणावे लागले. दिशा बदलली नव्हती, ती आधीपासून तिथेच होती. आपण कुठेही उभे राहिलो तरी पायाखाली दिशा असतेच. मधे कंत्राटदार आणून उभा केला म्हणून ती नाहीशी होत नाही. जिथे माझा केर पडतो आणि जो तो उचलतो, तिथे माझे कर्तव्य पोचलेले असते.

कोणी म्हणेल, कर्तव्य सोपवता येतेच की. आईवडिलांसाठी आपण नर्स ठेवतो, मुलांना शाळेत घालतो. खरे आहे. पण नर्सने हयगय केली तर आई ‘नर्सची’ होत नाही. काम सोपवता येते, जबाबदारी माझ्याकडेच राहते. कंत्राटाच्या पद्धतीत याच्या नेमके उलट होते. इमारत कशी झाडायची, कुठल्या खोल्या किती वाजेपर्यंत तयार हव्यात, हे सगळे संस्था ठरवते, म्हणजे काम तिच्याच हातात राहते. सोपवली जाते ती फक्त जबाबदारी, आणि तीही जो सर्वांत कमी बोली लावतो त्याच्याकडे. बोली कमी कशी होते? झाडू, साबण आणि यंत्रे सगळ्यांना सारख्याच किमतीत मिळतात. माणसाच्या आजारपणातूनच ती कमी होते.

याचे सर्वांत वाईट रूप सोआसमध्ये दिसले. ब्लूम्सबरीतली ही संस्था मराठीच्या अभ्यासकांना घरची. मराठी कथा इंग्रजीत नेणारे इयन रेसाइड तिथेच शिकवत. तिथल्या सफाई कामगारांनी संघटित होऊन २००८ मध्ये लिव्हिंग वेज आणि युनियनला मान्यता मिळवली होती. १२ जून २००९च्या पहाटे कंत्राटदार कंपनीने त्यांना तातडीच्या बैठकीसाठी बोलावले. सगळे जमल्यावर आत दडून बसलेले इमिग्रेशनचे अधिकारी बाहेर आले. नऊ जणांना ताब्यात घेतले गेले आणि त्यांतल्या अनेकांची देशाबाहेर रवानगी झाली. विद्यार्थ्यांनी निषेध म्हणून संचालकांच्या कार्यालयाचा ताबा घेतला. ज्यांना नेले ते रोज त्याच खोल्या पुसत होते. कागदपत्रे कोणाची कशी होती हा कायद्याचा प्रश्न असेल. पण बैठकीचे निमंत्रण विश्वासावर चालते, आणि तो विश्वास ज्या छपराखाली मोडला गेला त्या छपराखाली करुणेवर, न्यायावर, बौद्ध धर्मावर व्याख्याने होत होती. सोआसने आपले कामगार थेट नोकरीत घ्यायला २०१८ साल उजाडले.

सिगालाच्या उपदेशात सेवकांची कर्तव्येही सांगितली आहेत, हे मी लपवणार नाही. धन्याच्या आधी उठावे, नंतर झोपावे, दिले तेवढेच घ्यावे, काम नीट करावे, धन्याविषयी चांगले बोलावे. आमच्याकडच्या एक काकू दरवर्षी हे वाचताना अस्वस्थ होतात. “मग संप करायचा नाही का?” मला वाटते, क्रम नीट पाहिला पाहिजे. धन्याची पाच कर्तव्ये आधी येतात. ती पाळली गेली की मग खालच्या दिशेकडून ही परतफेड होते, अशी त्या उपदेशाची रचना आहे. पहिली पाच मोडून दुसरी पाच मागता येत नाहीत. आणि त्या काळच्या समाजात दास होते, हेही विसरू नये. जिथे माणूस विकत मिळत होता तिथेसुद्धा निदान एवढे तरी करा, असा तो उपदेश आहे. आज कोणी कोणाचा दास नाही, तेव्हा आपली सुरुवात त्या पाचांच्या पुढून व्हायला हवी. बाबासाहेबांनी ती तशी केली. १९३८ मध्ये मुंबई सरकारने औद्योगिक तंट्यांचे विधेयक आणले, तेव्हा संपाला गुन्हा ठरवणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबवणे आहे, असे त्यांनी सभागृहात मांडले आणि ७ नोव्हेंबरला मुंबईत कामगारांचा एक दिवसाचा संप घडवून आणला. तेच बाबासाहेब पुढे धम्मग्रंथात मालक-सेवकांच्या कर्तव्यांचा भाग मुद्दाम घालतात. मला यात विसंगती दिसत नाही. सेवकाला संपाचा हक्क आणि मालकाला कर्तव्य, दोन्ही असल्याशिवाय ते नाते माणसामाणसांतले होत नाही.

सिगाल खालच्या दिशेलाही हात जोडत होता, तेवढ्याच भावनेने. तथागतांनी त्या सहा नमस्कारांतला एकही कमी केला नाही.

मग आमचे काय? दरवर्षी एप्रिलमध्ये जयंतीसाठी आम्ही हॉल भाड्याने घेतो. भाड्यात साफसफाई धरलेली असते. रात्री सांडलेला भात, फुले, पत्रावळी सोडून आम्ही निघून जातो. यंदा मी समितीपुढे विषय काढला आणि आम्ही हॉलच्या व्यवस्थापकांना पत्र लिहिले: आमच्यामागे साफ करणारी व्यक्ती थेट तुमच्या नोकरीत आहे का, आजारी पडल्यास तिला पहिल्या दिवसापासून पगार मिळतो का, कंत्राटदार बदलला तर तिची नोकरी टिकते का? उत्तर आले की हे कंत्राटदाराला विचारावे. कंत्राटदाराला विचारले आहे. दरम्यान थोड्या लांबचा दुसरा हॉल पाहिला. तिथले सफाईचे लोक थेट नोकरीत आहेत. त्याचे भाडे जास्त आहे, आणि ती रक्कम जवळजवळ तेवढीच आहे जेवढी आम्ही दरवर्षी नागपूरच्या एका मुलींच्या वसतिगृहाला पाठवतो. त्यामुळे समितीत वाद आहे, आणि वाद घालणारी माणसे चांगली आहेत. त्यांना मुलींच्या वह्यापुस्तकांचे पैसे कमी करायचे नाहीत. मलाही नाहीत. येत्या रविवारी मतदान आहे. मी दुसऱ्या हॉलच्या बाजूने बोलणार आहे, आणि वसतिगृहाचे पैसे घरटी वर्गणी वाढवून वेगळे जमवावेत असे सुचवणार आहे. पहिली वाढीव वर्गणी माझी.